करंगळीचा ठसा

चिंचोळी एमआयडीसीतल्या कारखान्यात मशिनीखाली यशपालच्या उजव्या हाताची करंगळी गेली, त्याला आता वर्ष होत आलं होतं. खोलीवर तो एकटाच राहायचा आणि वडापाववर दिवस ढकलायचा. पोट फारच बिघडलं, तेव्हा त्यानं परात आणि तवा आणला, ज्वारीचं पीठ दळून आणलं आणि सांगोल्याला आईला फोन लावला.

"आई, भाकरी थापताना मोडतीया."

"पानी गरम घे की. आन् पीठ मऊ हुस्तवर लई मळ."

बऱ्याच दिवसांनी एक गोल भाकरी जमली. तव्यावर टाकताना यशपालला तिच्यावर आपल्या बोटांचे ठसे दिसले. कडेला एक बारीक ठसा जास्तीचा होता. करंगळीचा.

त्यानं आईला फोटो पाठवला.

"तुजीच बोटं हायत की," आई म्हणाली. "लहानपनापास्नं वळकते मी."

मग रोजच तसं होऊ लागलं. त्या ठशाजवळचा तुकडा तो आधी खायचा. तो जास्त गोड लागायचा. अंगावर मांस चढलं, झोपही गाढ लागू लागली.

एका सकाळी गोळा परातीत ठेवून तो पाणी घ्यायला वळला, तर पाठीमागं थापण्याचा आवाज सुरू झाला. हलका, एकाच बोटाचा.

यशपाल तांब्या धरून तसाच उभा राहिला. हाताच्या त्या रिकाम्या जागी त्याला मऊ, कोमट पीठ लागत होतं. करंगळी त्यात हळूहळू रुतत गेली.

आणि पिठाच्या आतून कुणीतरी ती अलगद धरली.