कापलेली बिदागी

“खजिनदारांच्या बोटांना बुक्का कमी, लोणी जास्त!” गेल्या चातुर्मासात आमच्या बुवांनी भर कीर्तनात हा टोमणा मारला. महिनाभराच्या कीर्तनांची बिदागी साठ हजार ठरली होती, पण देवळाच्या खजिनदार अंबादासरावांनी टीडीएस म्हणून सहा हजार कापले. ते त्यांनीच खाल्ले, ही बुवांची खात्री. तेव्हापासून दोघांत अबोला.

यंदा कीर्तनाच्या पहिल्याच दिवशी बुवांची लेक संगणकासमोरून ओरडली, “बाबा, ते सहा हजार तुमच्याच नावावर सरकारजमा आहेत! तुमचं उत्पन्न कमी, म्हणून कर शून्य. आजच विवरणपत्र भरते, सगळे परत येतील!”

बुवा आनंदाने उठले आणि मटकन खाली बसले. “अगं, भरल्या सभेत चोर म्हटलं मी त्या देवमाणसाला!”

संध्याकाळी पूर्वरंग संपला. रीतीप्रमाणे अंबादासराव मुकाट्याने हार घेऊन आले. बुवांनी तो गळ्यातून काढून त्यांनाच घातला, कपाळी बुक्का लावला. “मंडळी, आज उत्तररंगाला माझीच चूक. आख्यान टीडीएसचं!”

पेटीने सूर धरला. डोळे पुसत अंबादासराव म्हणाले, “बुवा, हार अख्खा दिलात हो, काही कापलं नाहीत!”