हलकी गोळी

“रुचा, तुझं वजन नक्की किती गं?” यतीननं चार दिवसांत दुसऱ्यांदा विचारलं.

“एकशे बारा पौंड. का?”

“असंच.” आपला नवरा पुन्हा लॅपटॉपवर बंदुकांची पानं चाळत बसलेला रुचानं पाहिला.

महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता. हरणाच्या शिकारीची रायफल थ्री-ओ-एटच, म्हणजे जड गोळीचीच ठेवायची, की नळी बदलून कॅलिबर, म्हणजे गोळीचं माप, लहान करून घ्यायचं? अमेरिकेतल्या या अल्फारेटा गावातली त्यांच्या ओळखीची माणसं घर बदलतानाही इतका खल करत नाहीत. रुचाला त्या रायफलीचा पहिल्यापासून तिटकारा. गणपतीत त्यावरून कडाक्याचं भांडण झालं होतं. दर शनिवारी हा शिकारीतल्या जुन्या सोबत्याबरोबर, गुरुनाथकाकांबरोबर, नेमबाजीच्या रेंजवर आणि ही घरात एकटी. “त्या बंदुकीशीच लग्न करायचं होतंस,” ती म्हणाली होती. दुसऱ्याच दिवसापासून यतीननं लॅपटॉपवर बंदुका शोधायला सुरुवात केली होती.

रविवारी दुपारी सोफ्यावर तिचा डोळा लागला. दंडाला काहीतरी गार लागलं म्हणून ती जागी झाली, तर यतीन मापाची टेप घेऊन तिच्यावर वाकलेला. “झोप, झोप,” म्हणत त्यानं टेप खिशात घातली. आता कसली झोप येणार?

पुढं दोन आठवडे रायफल नळी बदलायला दुकानात होती. ती घरी आली त्या संध्याकाळी रुचा कचऱ्याची पिशवी घेऊन गॅरेजच्या दाराशी गेली आणि थबकली. आत यतीन फोनवर होता.

“नाही काका, बदलूनच घेतली मी. थ्री-ओ-एट नको, टू-फोर्टी-थ्रीच. रुचाला हलकी गोळी लागेल.” मग जरा थांबून, “छे, तिला अजिबात पत्ता नाही. दसऱ्याला सकाळीच उरकतो.”

पिशवी तिच्या हातातून गळून पडली. आईला नागपूरला फोन लावला आणि लगेच कट केला. आई तिथून काय करणार होती? दसरा परवावर आला होता. ते दोन दिवस ती त्याच्यापासून लांब लांब राहिली. यतीन मात्र मजेत शीळ घालत होता, आणि त्या शिळेची तिला सगळ्यात जास्त भीती वाटत होती.

दसऱ्याला तो तिच्याआधी उठला. घरामागच्या लाकडी डेकवरून हाक आली, “रुचा, जरा इकडे ये ना.”

तिनं बाथरूममध्ये शिरून कडी लावली. पोलिसांना बोलवायचा नाइन-वन-वन फिरवला. नवऱ्याकडे बंदूक आहे, तो मला मारणार आहे. पत्ता सांगता सांगता तिची नजर खिडकीबाहेर गेली.

डेकवर रांगोळी होती. पाटावर लाल कापड, त्यावर रायफल. तिला झेंडूची माळ आणि गुलाबी रिबिनीला चिठ्ठी. चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात रुचाचं नाव.

फोन तसाच चालू बेसिनवर राहिला. ती धावत बाहेर गेली.

“शस्त्रपूजा तुझ्या हातून,” यतीन लाजत म्हणाला. “थ्री-ओ-एट झाडल्यावर खांद्याला बसणारा धक्का तुला झेपला नसता. दस्ता पण तुझ्या हाताच्या मापानं कापून घेतलाय. शनिवारी एकटी बसतेस ना, आता बरोबर चल.”

रुचाला रडू फुटलं आणि त्यातच हसूही. किती मूर्ख आपण! तिनं रायफलीला हळदकुंकू वाहिलं.

“रिकामी आहे. खांद्याला लावून बघ, फोटो काढतो.” तो कुंपणापर्यंत मागे गेला आणि त्यानं मोबाइल वर धरला. “हं, माझ्याकडे बघ.”

तिनं दस्ता खांद्याला टेकवला. अगदी मापात बसला.

बाजूच्या फाटकातून एक पोलीस इंग्रजीत ओरडला, बंदूक खाली टाक.

रुचा दचकून आवाजाच्या दिशेनं वळली. रायफल खांद्यालाच होती.