चिमूटभर वाळू

पाण्याची खोली मोजायचा सेन्सर होडीच्या तळाला आतून चिकटवताना इपॉक्सीच्या गोंदात हवेचा बुडबुडासुद्धा राहून चालत नाही, नाहीतर सेन्सरचा आवाज पाण्यात उतरतच नाही. म्हणून पासिर रिसच्या धक्क्यावर मी अख्खी सकाळ तळ घासून गुळगुळीत केला, इपॉक्सी ओतली आणि सेन्सर आणायला गाडीपर्यंत गेलो. होडीत आई एकटीच बसली होती, आमच्या गावाहून, हर्णैहून, महिनाभरासाठी इकडे परदेशात माझ्याकडे आलेली.

पुढच्या रविवारी आम्ही समुद्रात गेलो. खाली चांगलं दहा-बारा मीटर पाणी, आणि स्क्रीनवर शून्य! परत येऊन चडफडत मी सेन्सर उपटला. कडक झालेल्या इपॉक्सीत वाळू चमकत होती.

"आई, ही वाळू कुठून आली?"

"मी घातली. हर्णैची आहे. तुझे आजोबा प्रत्येक नव्या होडीच्या तळात चिमूटभर घालायचे. होडी कितीही लांब गेली तरी परत आपल्या किनाऱ्याला लागते."

"अगं, निदान मला विचारायचंस तरी! आता सगळं काम पुन्हा."

मी छिन्नीने खरवडत राहिलो, आणि पडलेले कण ती बोटाने वेचून रुमालात ठेवत राहिली. राग ओसरल्यावर मीच हसून विचारलं, "आणि खरंच यायच्या का गं सगळ्या परत?"

"सगळ्या." तिने रुमालाला गाठ मारली. "अठ्ठ्याण्णव साली तू इकडे निघालास, तेव्हा तुझ्या बॅगेत तेवढी घालायची राहिली."