झांज दबते

"आवाज आला तरी बटन दाबू नोको," रामधनने बाकावर पोराकडे तोंड करून त्याला चौथ्यांदा सांगितलं. "बहिरेपण चाळीस टक्के निघालं का अपंगाचा कोटा लागते. पोलीस भरती गेली, तलाठी गेली. आता हेच राह्यलं."

वीरेंद्रने मान हलवली. डीजेच्या गाडीवर काम करता करता त्याचा डावा कान गेला होता, त्यात खोटं काही नव्हतं. तीन लग्नसराया तो बॉक्सच्या पुढ्यात उभा राहिला होता, आणि तेही हौसेने. पण एका कानावर प्रमाणपत्र मिळत नाही असं रामधनला कोणीतरी सांगितलं होतं. उजवा कान चांगला होता. तो आज बहिरा करायचा होता.

वाशीमच्या त्या दवाखान्यातली तपासणीची खोली कपाटापेक्षा थोडी मोठी, एवढंच. कान तपासणाऱ्या वैजयंती मॅडमनी त्याला आत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, हातात बटन दिलं. "बारीकसा जरी आवाज आला तरी दाबायचं," त्या म्हणाल्या आणि दार लावून काचेपलीकडे मशीनपाशी जाऊन बसल्या.

वीरेंद्रने आधी हेडफोन चाचपले. सवयच ती. त्याच्या गावी, केनवडात, कोणी मोबाइल घ्यायला निघालं की आधी याच्याकडे यायचं, आणि हा त्या माणसाला तासभर सोडायचा नाही. इअरफोन, गेम, सिनेमे, गाणी, सगळ्यावर साहेबांचं मत तयार. त्याचं यूट्यूब चॅनेल होतं, अकराशे माणसं ते बघायची, आणि इअरफोनमधून गाण्यातली झांज नीट ऐकू येत नाही म्हणून दर व्हिडिओत तो एकदा तरी म्हणायचा, "झांज दबते भाऊ, पैसे वाया." गावातली पोरं हेच म्हणून त्याला चिडवायची. त्याला ते आवडायचं.

पहिला आवाज आला. जाडा, घुमणारा. त्याने बटन दाबलं नाही. दुसरा आला, जरा वरचा. नाही दाबलं. तिसरा अगदी पुसट आला. काम फार सोपं होतं. अंगठा बटनापासून लांब ठेवून तो चौथ्याची वाट बघत बसला.

चौथा आलाच नाही.

मॅडम चहा घेत असतील म्हणून त्याने काचेतून पाहिलं. त्या मशीनवर वाकल्या होत्या. त्यांचं बोट एक कळ दाबत होतं, थांबत होतं, पुन्हा दाबत होतं. त्यांनी कागदावर काहीतरी टिपलं आणि परत कळ दाबली. कानात काहीच येत नव्हतं.

हेडफोन खराब आहे, असं त्याला वाटलं. त्याचं पहिलं मत नेहमी वस्तूविरुद्धच असायचं. मग बोट आणखी एकदा खाली गेलं, आणि त्याला घरचे सगळे इअरफोन आठवले.

दोन वर्षांत त्याला एकही इअरफोन चांगला मिळाला नव्हता. झांज सगळ्यांतच दबत होती, महागातल्यातसुद्धा. गेममध्ये मागून येणाऱ्या शत्रूची पावलं पूर्वी त्याला सगळ्यांच्या आधी कळायची. हल्ली तो पाठीत गोळी खाऊन मरायचा आणि नव्या अपडेटला शिव्या घालायचा. आजकालचे हीरो तोंडातल्या तोंडात बोलतात यावर तर त्याने अख्खा व्हिडिओ केला होता. भाचीसाठी, वैभवीसाठी, यात्रेतून सेलवर चिवचिवणारी खेळण्यातली चिमणी आणली होती. ती मुकी निघाली म्हणून दुकानदाराशी भांडून त्याने बदलून आणली. दुसरीही मुकीच. वैभवी मात्र दोन्ही वेळा चिमणी कानाशी धरून हसली होती.

मॅडमचं बोट खाली गेलं. वीरेंद्रने बटन दाबलं.

पुन्हा बोट, पुन्हा बटन. बापाचं सांगणं, कोटा, चाळीस टक्के, त्याच्या डोक्यात काहीच उरलं नाही. निदान कागदावर तरी आपल्याला ऐकू आलं असं लिहिलं जावं, एवढंच त्याला हवं होतं. तो घाबरला होता. बोटावर डोळे लावून तो दाबत राहिला.

थोड्या वेळाने दार उघडून मॅडम आत आल्या. त्यांनी स्वतःच त्याचे हेडफोन काढले.

"शेवटी चार वेळा मी बोट नुसतंच टेकवलं," त्या म्हणाल्या. "आवाज सोडलाच नव्हता. तुम्ही चारही वेळा दाबलं."

"मले आयकू आलं मॅडम."

"ऐकू येत असून नाही म्हणणारे इथं रोज येतात. उलटं करणारे तुम्ही पहिलेच." त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

"येक डाव पुन्हा घ्या न," तो म्हणाला. "खालचे आवाज येत होते मले. खरं सांगतो, मीच दाबलं नाही."

"खालचे पुन्हा घेऊ. पण वरच्या पट्टीचे गेलेत, उजव्या कानाचेही. ते परत येत नसतात. उरलेत ते सांभाळा. त्या डीजेच्या गाडीवर पुन्हा उभे राहू नका."

त्यांनी खालचे आवाज पुन्हा घेतले. या वेळी त्याने प्रत्येक आवाजाला बटन दाबलं.

तो बाहेर आला तसा रामधन बाकावरून उठला. सकाळपासून त्याच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. आजूबाजूला पेशंट बसले होते, म्हणून त्याने पोराचा दंड धरून त्याला भिंतीकडे घेतलं आणि उजव्या कानाशी तोंड नेऊन हळूच काहीतरी विचारलं.

वीरेंद्रच्या कानाला बापाचा ऊन श्वास लागला. शब्द एकही आला नाही. पुन्हा विचारा म्हणायची त्याची हिंमत झाली नाही. त्याने नुसती मान हलवली.

रामधनचा चेहरा खुलला. त्याने पोराच्या पाठीवर थाप मारली, आणि आता सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने तो म्हणाला, "शाब्बास. मले वाटलं नव्हतं तुले जमन म्हणून."