बाराशेपैकी शून्य

“शून्य,” सर्वेक्षणवाले कीटिंग म्हणाले. “बाराशे लोकांना फोन केले. आपलं केंद्र ऐकतो असं म्हणणारा एकही नाही.”

भिंतीलगतच्या खुर्चीवर मारलनं मान खाली घातली. टेबलाभोवती सल्लागार मंडळाचे सहा सदस्य, भिंतीलगत नोकरमंडळी. विचारल्याशिवाय भिंतीवाल्यांनी तोंड उघडायचं नाही, ही वॉशिंग्टनमधल्या त्या दालनाची रीत. सरकारच्या पैशावर परदेशांत बातम्या ऐकवणाऱ्या रेडिओवर या मंडळाची देखरेख. मंडळ म्हणे नुसता सल्ला देतं! पण त्यांनी ‘बंद करा’ म्हटलं की वरचे लोक डोळे मिटून सही करायचे.

आज मारलच्या कार्यक्रमावर गदा येणार होती. रोज सकाळी अकराला अर्धा तास, कॅस्पियन समुद्रापलीकडच्या तिच्या देशासाठी. तिथं तेव्हा रात्रीची जेवणं आटोपलेली असत. एकोणीस वर्षं ती एकाच वाक्यानं सुरुवात करत होती, “कोणी ऐकत असेल, तर नमस्कार.” तिकडून कधी पत्र नाही, निरोप नाही. सख्खी बहीण जेरेन, तीसुद्धा फोनवर म्हणायची, “रेडिओ? नाही बाई, आम्ही नाही ऐकत.” मारलला ते फार लागायचं.

“मग ठरलं?” अध्यक्ष विन्स्लोंनी घड्याळ पाहिलं. “भिंतीशी गप्पा मारायला सरकार पगार देत नाही.” दोघं-तिघं हसले.

“थांबा हो जरा.” प्रूइटबाईंनी पेपरमिंटच्या गोळीचा कागद सोडवला. ओमाहाच्या या बाईंनी एकतीस वर्षं दारोदार फिरून लोकांना प्रश्न विचारले होते. मंडळात त्यांना फारसं कोणी मोजत नसे. “लोकांना वाचून दाखवलेल्या केंद्रांच्या या यादीतली सातवी ओळ. ‘रेडिओ सेंटिनेल’. हे कोण?”

कीटिंग हसले. “असं केंद्रच नाही, मॅडम. बनावट नाव आहे. लोक उगाच हो ला हो करतात का, ते बघायला एखादं घुसडतो आम्ही.”

“आणि ते किती जण ऐकतात?”

“अडतीस.”

“म्हणजे जे नाहीच, ते अडतीस जण ऐकतात. आणि जे आहे, ते एकही नाही?” बाईंनी गोळी गालात सारली. “अहो, माणसं चुकतात, थापा मारतात, फोन ठेवायच्या घाईत कशालाही हो म्हणतात. इतक्या वर्षांत मी कधी शून्य पाहिलं नाही. बाराशे जणांत एकाचीसुद्धा जीभ घसरली नाही! आपलं नाव नीट ठाऊक असल्याशिवाय ते एवढं सांभाळून टाळता येतं का?”

कीटिंगनी आकड्यांवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. मघाशी हसलेल्यांपैकी एकानं पेन खाली ठेवलं.

मारलच्या अंगावर सर्रकन काटा आला. बाराशे माणसं! एकमेकांना न ओळखणारी, गावोगाव विखुरलेली. आणि सगळ्यांचं उत्तर एकच. जेरेनचंही तेच. तिकडे प्रत्येक फोनवर सरकारचा कान असतो, हे पोरासोरांनाही ठाऊक होतं.

विन्स्लोंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “शिफारस लिहून घ्या,” ते अगदी हळू आवाजात म्हणाले. “कार्यक्रम चालू ठेवावा. कारण लिहू नका. त्या लोकांनी एवढं जपलंय, ते आपल्या तोंडून फुटायला नको.”

अकराला पाच मिनिटं कमी होती. मारल जिना धावतच उतरली, स्टुडिओत शिरली आणि माइकसमोर बसली. लाल दिवा लागला. एकोणीस वर्षांचं वाक्य ओठांवर आलं, आणि त्यातलं अर्धं तिनं गिळलं.

“नमस्कार,” ती म्हणाली.