वाडग्यातलं पाणी

तटाच्या पायथ्याशी पाण्याने भरलेले वाडगे ओळीने मांडले होते. बाहेरून तुर्क भुयार खणत आले की पाणी थरथरायचं. मग आतून खणत जाऊन त्यांना वाटेतच गाठायचं. डॅन्यूबकाठच्या त्या किल्ल्यात पाण्यावर नजर ठेवायचं काम म्हाताऱ्या वुकाशिनकडे होतं.

आज सकाळपासून एकच वाडगा थरथरत होता. तीन घाव, मग माती उपसण्याएवढी उसंत, की पुन्हा तीन घाव.

तिथे खणून पाहिलं, तर खाली अखंड कातळ.

"काका, तुझीच नजर थरथरत असेल," सकाळपासून त्याच वाडग्याशेजारी भिंतीला टेकून बसलेला रादिच हसला. काल आपलं भुयार कोसळलं, तेव्हा आत गेलेल्यांपैकी हा एकटाच बाहेर आला होता. तेव्हापासून त्याने भाकरीला हात लावला नव्हता, केसांतली मातीही झटकली नव्हती.

वुकाशिन वाडगा घेऊन बुरुजावर चढला. पाणी निवांत झालं. पाठोपाठ रादिच जिना चढून आला आणि पाण्यावर पुन्हा वलयं उठली.

"काल एकटाच कसा वाचलास? खरं सांग, तुर्कांना फितलास ना तू?" वुकाशिनने विचारलं.

"वेड लागलंय तुला."

"मग झोप इथे उताणा."

रादिच आडवा झाला. वुकाशिनने वाडगा त्याच्या छातीवर ठेवला. तीन घाव. उसंत. तीन घाव. पाणी काठावरून उसळून वुकाशिनच्या बोटांवर आलं.

"घट्ट धर, काका," रादिच डोळे मिटूनच म्हणाला. "आता थोडंच खणायचं उरलंय त्यांचं."