गच्चीवरची खरबुजं

"मॅडम, फुलांमध्ये नर कोण आणि मादी कोण, हे ओळखायचं कसं?"

भर वर्गात, मुलांसमोर हे विचारून दाखव, असं ऋजुतानं मला चॅलेंज दिलं होतं. मागचे बाक खिदळले, पण मी बसले नाही. आमच्या गच्चीवरच्या खरबुजाच्या वेलीला रोज फुलं येत होती, फळ मात्र एकही धरत नव्हतं, आणि मैत्रिणींना घरचं खरबूज खायला घालायचं वचन मी देऊन बसले होते.

पाटणकर मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "फुलामागे चिमुकलं फळ दिसलं की ती मादी. नराचा पराग तिला लाव, फळ धरेल."

सकाळी रंगकामाचा ब्रश घेऊन गच्चीवर गेले, तर वेलीवर सगळे नरच. हिरमुसून खाली आले. बाबा पूजेला बसले होते. गणपतीच्या डोक्यावर पिवळं फूल होतं आणि त्याच्यामागे बोराएवढं खरबूज.

"गुटगुटीत बघूनच तोडतो रोज," बाबा अभिमानानं म्हणाले. "देवाला हडकुळं फूल कसं वाहायचं?"

"आणि मी वेलीची दृष्ट काढतेय," आई म्हणाली.

"नीट ऐका दोघंही. उद्यापासून पूजा मी करणार, आणि देवाला फक्त नर फुलं मिळतील."